टांका

मुलाच्या कपाळास खोक पडली आणि दवाखान्यांतून पट्टी बांधून त्यास घरीं आणलें, म्हणजे शेजारपाजारचीं माणसें पहिला प्रश्न एकच विचारतात : "टांके किती पडले?" जखम कशानें झाली, किती खोल आहे, ताप आहे किंवा काय, हें सारें मागाहून. दोन टांके म्हटले कीं ऐकणारा नुसती मान हालवितो. सात म्हटले कीं डोळे विस्फारतो. आणि तो मुलगा चार दिवसांनीं शाळेंत आला कीं तोच आंकडा परीक्षेंतील गुणांप्रमाणें अभिमानानें सांगत फिरतो. उलटपक्षीं, शिंप्याकडून नवा सदरा शिवून आणल्यावर त्यास टांके किती पडले, हें आजवर कोणीं कोणास विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. त्या सदऱ्यांत ते हजारांनीं असतात. शब्द मात्र दोन्हीकडे तोच.

एका धंद्यांतील शब्द दुसऱ्या धंद्यानें उसना घ्यावा, ही भाषेंत नवी गोष्ट नव्हे. माळी कलम बांधतो आणि कारकूनही कलम चालवितो. परंतु त्या दोन कलमांस आज एकमेकांची ओळखही राहिलेली नाहीं. टांक्याचें तसें नाहीं. शिंप्याच्या व शस्त्रवैद्याच्या हातांतील सुई, दोरा आणि गांठ हीं एकाच घराण्यांतील असून, त्या दोन घरांचें जाणेंयेणें फार जुनें आहे. शस्त्रवैद्यानें शिंप्यापासून केवळ शब्द घेतला असें नव्हे, विद्याही घेतली. आणि घेतल्यावर तिचा अर्थ मुळापासून बदलून टाकिला. तो बदल कोणता, हें ज्यास कळलें त्यास आपल्या अंगावरील टांक्यांची निगा कां व कशी राखावी, हेंही आपोआप कळेल.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. आपलें 'शिवणें' हें क्रियापद संस्कृत 'सीव्' या धातूपासून आलेलें आहे. लॅटिन भाषेंत याच अर्थाचें 'सुएरे' असें क्रियापद आहे, आणि इंग्रजींतील 'सो' हें या दोघांचें भावंड होय. त्या लॅटिन क्रियापदापासून दोन शब्द निघाले व दोन निराळ्या वाटांनीं चालते झाले. एक 'सूचर' होऊन रुग्णालयांत शिरला. इंग्रजी जाणणारे शस्त्रवैद्य आपल्या टांक्यास तेंच नांव देतात. दुसरा फ्रेंचांच्या मुखांतून फिरत फिरत 'कुत्यूर' झाला आणि पॅरिसच्या पोषाखवाल्यांकडे जाऊन राहिला. १८५८ मध्यें चार्ल्स वर्थ नांवाच्या इंग्रज गृहस्थानें त्या शहरांत आपलें दुकान थाटलें, आणि तेव्हांपासून अमीर-उमरावांच्या स्त्रियांच्या अंगावर बेतून हातानें शिवलेल्या उंची पोषाखांची जी परंपरा तेथें वाढली, तिला 'ओत कुत्यूर' असें म्हणतात. फॅशनच्या जगांत हा शब्द मोठ्या दबदब्यानें उच्चारला जातो. त्याचा सरळ अर्थ मात्र 'उच्च शिवण' एवढाच. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरील 'सूचर' आणि त्या झगमगीत दालनांतील 'कुत्यूर' हीं एकाच आईचीं लेकरें आहेत. मराठीनें एवढा द्राविडी प्राणायाम केला नाहीं. तिनें दोघांसही एकच 'टांका' दिला. आणि माझ्या मतें तेंच अधिक शहाणपणाचें केलें.

आपल्याकडे हें नातें किती जुनें आहे, हें सुश्रुतसंहितेवरून दिसतें. हा ग्रंथ सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचा समजला जातो. शस्त्रानें करावयाचीं कामें त्यांत आठ सांगितलीं असून, त्यांतील शेवटचें 'सीव्य', म्हणजे शिवण्याचें काम, हें आहे. जखम शिवण्याचे चार प्रकार तेथें नांवानिशीं दिले आहेत : वेलीप्रमाणें वेढे घेत जाणारा तो वेल्लितक, दुसरा गोफणिका, ज्याचें नांव शेताची राखण करणाऱ्याच्या गोफणीवरून पडलें आहे, सरळ व सुट्या गांठींचा तो ऋजुग्रंथि, आणि चौथा तुन्नसेवनी. हें चौथें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अमरकोशांत शिंप्यास 'तुन्नवाय' असा शब्द आहे. तुन्नसेवनी म्हणजे शिंपी फाटकें वस्त्र रफू करतो तशी शिवण. पूर्वीं आपल्या देशांत शिवलेलें वस्त्र नव्हतेंच, धोतर-लुगडें नेसून सर्वांचें भागत असे, असें कांहीं लोक ठासून सांगतात. धोतरास व लुगड्यास टांका लागत नाहीं, हें खरें; परंतु ज्या देशांत शिंपीच नाहीं, त्या देशांतील वैद्य आपल्या टांक्यास शिंप्याचें नांव कशास देईल?

याहून अधिक मौजेची गोष्ट त्याच ग्रंथांतील विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या प्रकरणांत आहे. शिष्य कितीही पाठांतर केलेला असो, हातास वळण लागल्याशिवाय तो रोग्याच्या अंगास शस्त्र लावण्यास लायक नव्हे, असें आचार्यांचें मत होतें. म्हणून चिरण्याचा सराव त्यानें कोहळा, भोपळा, काकडी असल्या फळांवर करावा, शीर टोंचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर करावा, आणि शिवण्याचा? तो पातळ व जाड कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्याच्या कडांवर. म्हणजे शस्त्रवैद्य होऊं इच्छिणाऱ्या तरुणास मांडीवर चिंधी घेऊन शिंप्याप्रमाणें बसावें लागत असे. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यासही प्रथम फोमच्या किंवा रबरी कातड्याच्या तुकड्यावर, नाहींतर डुकराच्या कातड्यावर, अशीच टांक्यांची गिरवणी करावी लागते.

आणखी एका ठिकाणीं सुश्रुतानें हा शिंप्याचा शब्द वापरला आहे, आणि तें ठिकाण जखमेचें नाहीं. हाडांच्या सांध्यांचे त्यानें जे आठ प्रकार केले, त्यांत कवटीच्या हाडांच्या सांध्यास त्यानें 'तुन्नसेवनी' हेंच नांव दिलें. कवटी एकसंध नसते. तिची निरनिराळीं हाडें एकमेकांत दांतरे घालून बसलेलीं असतात, आणि ती नागमोडी रेषा खरोखर एखाद्या कसलेल्या हातानें घातलेल्या शिवणीसारखी दिसते. युरोपांतील शरीरशास्त्रज्ञांनींही त्याच रेषेस 'सूचर' म्हणजे शिवणच म्हटलें. तान्ह्या मुलाची टाळू म्हणजे या शिवणी जेथें मिळतात ती अद्याप न भरलेली जागा. आपल्या घरांतील वडील बायका तिच्यावर तेल थापतात आणि ती केव्हां भरते इकडे डोळा ठेवितात. पुढची टाळू बहुधा दीड-दोन वर्षांच्या आंत भरते. कवटीच्या बहुतेक शिवणी मात्र मेंदूची वाढ पुरी होईपर्यंत पक्क्या होत नाहींत. त्या लवकर पक्क्या झाल्या असत्या, तर आंत वाढणाऱ्या मेंदूस जागाच राहिली नसती.

येथवर साम्य सांगितलें. आतां भेद सांगतों.

शिंप्याचें वैर असतें तें कापडाच्या कातरलेल्या कडेशीं. तिच्या दशा सुटतात. म्हणून तो ती कड आंत दुमडतो, लपवितो आणि वरून टीप मारतो. शस्त्रवैद्यानें जर कातड्याची कड अशी आंत दुमडली, तर ती जखम महिना झाला तरी सांधणार नाहीं. कां, तर कातड्याची वरची बाजू ही आधींच मिटलेली बाजू आहे. ती दुसऱ्या तसल्याच बाजूस जन्मभर चिकटून राहिली तरी जुळत नाहीं. आपण हात जोडून कितीही वेळ बसलों तरी तळवे एकमेकांस सांधले जात नाहींत, तसेंच हें. ओल्या मांसास ओलें मांस भेटलें पाहिजे. म्हणून वैद्य कातड्याच्या कडा किंचित् बाहेरच्या बाजूस उचलून टांका घालतो. आतड्याची तऱ्हा पुनः उलट आहे. त्याच्या बाहेरील गुळगुळीत आवरणास दुसऱ्या आवरणाशीं सांधण्याची मोठी घाई असते. कांहीं तासांतच तीं एकमेकांस धरूं लागतात. म्हणून आतडें शिवतांना कडा शिंप्याप्रमाणें आंत वळवावयाच्या. ही युक्ति लांबेर नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १८२६ मध्यें दाखवून दिली, आणि त्याच्या नांवाचा टांका आजही शिकविला जातो.

दुसरा भेद ओढण्याचा. शिंपी दोरा ओढून घट्ट बसवितो, कारण कापड आज जेवढें आहे तेवढेंच उद्यां राहणार. जखम दुसऱ्या दिवशीं सुजते. आज घट्ट वाटणारा टांका उद्यां फांसासारखा आंवळतो, कडेचें रक्त तोडतो, आणि जी कड जगवावयाची तीच मरते. सुश्रुतानें याचा विचार केलेला आहे : टांका कडेपासून फार दूर घेतला तर वेदना होते, फार जवळ घेतला तर कड फाटते. सुईही त्यानें जागेप्रमाणें तीन तऱ्हेची सांगितली : जेथें मांस थोडें तेथें व सांध्यांवर दोन बोटें लांबीची गोल सुई, मांसल जागीं तीन बोटें लांबीची तिधारी, आणि पोटावर व मर्मांवर धनुष्याप्रमाणें वांकडी. आजच्या शस्त्रवैद्याची सुई बहुशः वांकडीच असते. कापडाची खालची बाजू शिंप्यास उलटून पाहतां येते. पोटाची येत नाहीं. ज्या वाटेनें सुई आंत शिरली त्याच बाजूनें तिला बाहेर यावें लागतें. आजच्या पुष्कळशा सुयांस नेढेंही नसतें. दोरा सुईच्या पोकळ बुडांतच घट्ट बसविलेला असतो. नेढ्यांत ओवलेला दोरा दुहेरी होऊन जातो, आणि कातड्यास त्या मानानें मोठें छिद्र पडतें.

परंतु खरा भेद याहूनही खोल आहे. शिंप्याचा टांका हाच सदऱ्याचा सांधा. दहा वर्षांनीं दोरा कुजला कीं बाही उसवली. कापडाच्या दोन तुकड्यांनीं त्या दहा वर्षांत एकमेकांस धरण्याचा जराही यत्न केलेला नसतो. वैद्याचा टांका मात्र कांहींच सांधीत नाहीं. तो दोन कडा जवळ आणून धरतो आणि वाट पाहतो. सांधण्याचें काम शरीर करतें. म्हणून शिंप्याच्या विद्येंत वैद्याच्या टांक्याची खरी जोड शोधावयाची, तर ती पक्क्या शिवणींत नव्हे, कच्च्या टांक्यांत सांपडेल. कोट अंगावर बेतून पाहण्यापूर्वीं शिंपी पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टांके घालून तुकडे टांचून घेतो. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहिलें, खडूनें खुणा केल्या, पक्की शिवण घातली, कीं ते पांढरे दोरे ओढून फेंकून देतो. वैद्याचे सारे टांके या जातीचे. पक्की शिवण जखमेच्या आंत, आपल्या डोळ्यांआड, चाललेली असते.

ही पक्की शिवण सावकाश होते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. टांके काढले म्हणजे जखम बरी झाली, असें समजून मुलें त्याच दिवशीं झाडावर चढतात. वस्तुतः तीन आठवड्यांनीं त्या जागीं मूळच्या कातड्याच्या सुमारें पंचमांशच बळ आलेलें असतें. पुढें महिनोन् महिने तें वाढत जातें, परंतु पहिल्याइतकें कधींच होत नाहीं; फार तर चार पंचमांश. पोटाच्या ऑपरेशननंतर कांहीं आठवडे जड घागर उचलूं नका, असें डॉक्टर बजावतात तें याचसाठीं.

टांका केवळ धरण्यापुरता आहे, याचा उत्तम पुरावा टांका न घालतां केलेल्या कामांत मिळतो, आणि त्यांतील एक प्रसिद्ध काम आपल्या पुण्यानजीकचें आहे. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैलगाडी हांकणारा कावसजी नांवाचा मनुष्य टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला व त्यांनीं त्याचें नाक कापलें. पुढें पुण्याजवळच्या वीटकऱ्याच्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाचें कातडें खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. हा वृत्तान्त १७९४ च्या आक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत चित्रासह छापून आला, आणि युरोपांतील शस्त्रवैद्यांनीं तो डोळे चोळून वाचला. त्या कारागिरानें नवें कातडें टांके घालून बसविलें नाहीं. कापडाच्या पट्ट्यांवर पाण्यांत कालविलेला काथ लावून त्या एकीवर एक बसविल्या, आणि सांधा तेवढ्यावर धरून ठेविला. त्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें, सोळाव्या शतकांत, फ्रान्समध्यें आंब्र्वाझ पारे या शस्त्रवैद्यानें चेहऱ्यावरील जखमांसाठीं एक सुंदर तोड काढली होती. जखमेच्या दोन्ही बाजूंस तो कापडाच्या पट्ट्या चिकटवी व त्या वाळल्यावर कातड्यास न शिवतां, त्या दोन पट्ट्यांसच एकमेकींशीं शिवी. कडा जवळ येत, आणि चेहऱ्यावर सुईचा एकही डाग राहत नसे. ही शिवण मात्र अक्षरशः कापडाची!

शस्त्रवैद्यांच्या नित्याच्या टांक्यांचीं नांवें ऐकलीं तर ते एखाद्या बाजारपेठेंतून फिरून आल्यासारखे वाटतात. एका टांक्यास ते गादीचा टांका म्हणतात. गादीवाला कापूस सरकूं नये म्हणून सुई आरपार नेऊन पुनः त्याच बाजूस आणतो, तसाच हा. जेथें कडांवर ताण असतो तेथें तो कामास येतो. दुसऱ्यास बटव्याच्या नाडीचा टांका म्हणतात. आजीच्या पानसुपारीच्या बटव्याचें तोंड आठवा : कडेनें वाटोळा धावदोरा घातलेला, आणि दोन्ही टोंकें ओढलीं कीं तोंड मिटून चुण्या पडतात. अपेंडिक्स कापून काढल्यावर राहिलेला खुंट आंत लोटून त्यावर आतडें मिटवून घ्यावयाचें, त्या वेळीं शस्त्रवैद्य हीच नाडी घालीत आले आहेत. जखमेवर सरळ धावदोरा घालावयाचा कीं प्रत्येक टांक्यास निराळी गांठ मारावयाची, हा प्रश्नही दोन्ही धंद्यांत आहे. शिंप्यास वेळ महत्त्वाचा, म्हणून तो सलग शिवतो. वैद्यास भय असतें तें एका जागीं दोरा तुटून सारी शिवण ढिली पडण्याचें; म्हणून जेथें शंका तेथें तो सुट्या गांठी मारतो, आणि गांठ जखमेच्या रेषेवर न ठेवतां एका बाजूस घेतो.

परंतु या दोन विद्यांची सर्वांत विलक्षण भेट ल्यों या फ्रेंच शहरीं झाली. १८९४ च्या जून महिन्यांत फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो तेथें आले असतां एका मारेकऱ्यानें त्यांच्या पोटांत सुरा खुपसला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. शहरांतील नामांकित शस्त्रवैद्य धांवून आले, पोट उघडलें. परंतु कापलेली शीर शिवून रक्त पुनः वाहतें करण्याची खात्रीची रीत त्या काळीं कोणाच्याही हातीं नव्हती. अध्यक्ष कांहीं तासांतच वारले. आलेक्सी कारेल नांवाचा एकविशींतला विद्यार्थी त्या वेळीं त्याच शहरीं वैद्यक शिकत होता. शिवतां येत नाहीं म्हणून एवढा मोठा मनुष्य मरावा, ही गोष्ट त्याच्या मनास डांचत राहिली. ल्यों हें रेशमाचें व भरतकामाचें शहर. कारेल सरळ मादाम लरूदिए या तेथील नामांकित भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला आणि त्यांच्या हाताखालीं अतिसूक्ष्म सुया व रेशमाचे तंतु चालविण्यास शिकला.

त्यानें शोधून काढलेली रीत सोपी आहे. इतकी सोपी, कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचें नवल वाटावें. कापलेल्या शिरेचें तोंड गोल, मऊ आणि ओल्या चिंधीप्रमाणें ढळणारें असतें. पुढची कड शिवतांना सुई मागची कडही पकडते, आणि नळी मिटून जाते. कारेलनें त्या वर्तुळावर सारख्या अंतरावर तीन टांके घेतले आणि तिन्ही दोरे तीन दिशांस ताणले. वर्तुळाचा त्रिकोण झाला. आतां तीन सरळ बाजू धावदोऱ्यानें शिवावयाच्या, एवढेंच काम उरलें. शिंपी बाही मुंढ्यास जोडतांना आधीं चार जागीं टांचून घेतो आणि मग शिवतो, म्हणजे चुणी पडत नाहीं. त्यासारखाच हा प्रकार आहे. सुया केंसासारख्या, दोऱ्यास व्हॅसलीनचा हात, आणि शिरेच्या आंतील अस्तर आंतील अस्तराशीं भिडेल इतकी दक्षता. ही रीत त्यानें १९०२ मध्यें प्रसिद्ध केली, आणि १९१२ मध्यें त्यास वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज मूत्रपिंड एकाच्या देहांतून काढून दुसऱ्याच्या देहांत बसवितात, हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिन्यांस दुसरी वाट करून देतात. या सर्व कामांचा पाया शिरेस शीर शिवणें हाच आहे. पारितोषिकाच्या यादींत मादाम लरूदिए यांचें नांव नाहीं. भरतकाम हें रिकामपणचें बायकी काम, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही हकीकत एकदां मुलींच्या शिवणवर्गांत जाऊन सांगावी.

दोऱ्याविषयीं थोडक्यांत. सुश्रुताच्या काळीं ताग, जवस, झाडांच्या साली, स्नायु, केंस यांचे दोरे असत. पुढें रेशीम व सूत सर्वत्र चाललें. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत जोसेफ लिस्टर यानें मेंढराच्या आतड्याची तांत कार्बोलिक आम्लानें शुद्ध करून वापरली. पिंजारी आपल्या धनुष्यास लावतो तशीच ही तांत. शरीर ती हळूहळू पचवून टाकतें, म्हणून खोल टांके काढण्याची जरूर राहत नाहीं. १९३८ मध्यें अमेरिकेंत नायलॉनची घोषणा झाली. १९४० च्या मे महिन्यांत त्याचे पायमोजे विक्रीस निघाले, तेव्हां दुकानांपुढें स्त्रियांची झुंबड उडाली. आणि त्याच सुमारास त्याच धाग्यानें जखमाही शिवूं लागले. १९७० च्या सुमारास विरघळणारे कृत्रिम धागे आले व त्यांनीं तांतीची जागा बव्हंशीं घेतली. कांहीं जखमा आतां धातूच्या चिमट्यांनीं, तर लहानसहान जखमा खास प्रकारच्या डिंकानेंही मिटवितात. असें झाल्यास मुलास टांके किती पडले, याचें उत्तर "एकही नाहीं" असें येतें, आणि त्याचा हिरमोड होतो.

आतां आईबापांसाठीं दोन शब्द. जखम दिसली कीं ती शिवलीच पाहिजे, असा पुष्कळांचा ग्रह असतो, आणि डॉक्टरांनीं टांका घातला नाहीं तर हयगय केली असें वाटतें. हा ग्रह चुकीचा आहे. सुश्रुतानेंच सांगून ठेविलें आहे कीं, धूळ, केंस, सुटलेलें हाड आंत ठेवून शिवलें तर जखम पिकते. आणि विषानें, क्षारानें किंवा आगीनें झालेल्या जखमा शिवूं नयेत. कारण उघड आहे. मळ आंत कोंडून दार लावून घेतलें, तर पू बाहेर पडावा कोठून? घाणेरडी किंवा उशीर झालेली जखम म्हणून कित्येकदां कांहीं दिवस उघडी ठेवून, स्वच्छ झाल्यावरच मिटवितात. कुत्रा चावल्यास तर विशेष जपावें. ती जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद, चुना, तिखट कांहीं भरूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. डॉक्टर ती बहुधा शिवणार नाहींत. शिवणें भागच पडलें तर आधीं जखमेंत प्रतिविष टोंचून मग सैल असे मोजकेच टांके घालतील. त्या वेळीं टांक्याचा आग्रह धरूं नये. लसीचीं इंजेक्शनें मात्र ठरलेल्या दिवशीं एकही न चुकवितां घ्यावीं. खोल किंवा मातींत झालेल्या जखमेसाठीं धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशीही आपण होऊन करावी. उलट, सुरीनें किंवा कांचेनें झालेली स्वच्छ पण उघडी पडलेली जखम असेल, तर "उद्यां पाहूं" म्हणून फडकें गुंडाळून बसूं नये. ती जितकी लवकर मिटेल तितकी चांगली.

टांके काढण्याचा दिवसही डॉक्टरांवरच सोंपवावा. चेहऱ्यास रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तेथील टांके सुमारें पांच दिवसांत निघतात. डोक्याचे आठ-दहा दिवसांनीं. गुडघा-कोपर असल्या सतत वांकणाऱ्या जागांचे बारा-चौदा दिवसांनीं. लवकर काढले तर जखम उकलते. फार दिवस ठेविले तर प्रत्येक टांक्याखालीं आडवा वळ उठतो, आणि बरी झालेली जखम शिडीसारखी दिसते. घरच्या कात्रीनें ते काढण्याचा मोह कांहीं धाडसी लोकांस होतो. काम दिसावयास सोपें आहे खरें, परंतु त्यांतही एक खुबी आहे. बाहेर राहिलेल्या दोऱ्यावर इतक्या दिवसांची घाण बसलेली असते. म्हणून परिचारिका गांठ चिमट्यानें किंचित् उचलते, खालचा स्वच्छ दोरा कातड्याच्या अगदीं लगत कापते, आणि गांठ जखमेच्या बाजूस ओढून घेते. बाहेरचा मळका दोरा मांसांतून जात नाहीं, आणि नुकत्या मिटलेल्या कडा ओढानें दुरावतही नाहींत. क्षणभर मुंगी चावल्यासारखें वाटतें, आणि बशींत एक काळा तुकडा पडतो.